शिकारीचा पैसा आणि गावाचा वाटा

तूर फुलोऱ्यात आली की मराठवाड्यात रोह्यांचा, म्हणजे नीलगायींचा, विषय निघतोच. बांधाला जुन्या साड्या बांधून होतात, न्हाव्याकडचे केस धुऱ्यावर टाकून होतात, कुणी झटका मशीन बसवतो. तरीही सकाळी रानात जावं तर तुरीचे शेंडे खुडलेले. मग पारावर एखादा म्हणतो, आफ्रिकेत पैसे घेऊन शिकार करू देतात, त्यातून जंगलही राखलं जातं आणि गावालाही मिळतं. आपल्याकडे काय अडचण आहे? प्रश्न रास्त आहे. फक्त तिकडच्या आणि इकडच्या शिकारीचा इतिहास अगदी वेगळा आहे.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि तिथे शिकार हा दरबारी थाट होता. सहावे निजाम महबूब अली खान वाघांच्या शिकारीसाठी नावाजलेले. १८९३ साली ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड त्यांचा पाहुणा म्हणून शिकारीला आला होता. राखीव शिकारगाहांत रयतेला मज्जाव असे. त्या धाकाने काही रानं टिकली हेही खरं. मेदकजवळचं पोचारम अभयारण्य मुळात निजामाची शिकारगाहच. पण गावाच्या वाट्याला काय यायचं? हाका. डबे बडवत, आरोळ्या ठोकत माणसांची रांग झाडोऱ्यातून पुढे सरकायची आणि बंदूकवाले मचाणावर बसून असायचे. जखमी जनावर उलटलं तर आधी सापडायचा तो हाकेवाला.

स्वातंत्र्यानंतर संस्थानिकांची जागा शिकार कंपन्यांनी घेतली. नागपूरची ऑल्विन कूपर ही त्यातली नावाजलेली. पुढे केंद्रीय मंत्री झालेले विद्याचरण शुक्ल राजकारणात येण्याआधी तिच्यात होते. अमेरिकी शिकारी डॉलर मोजून वाघ मारायला यायचे. परकीय चलन देशाला, फी वनखात्याला, नफा कंपनीला. गावाला फार तर हाक्याची मजुरी. त्यामुळे १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा धंदाच गुंडाळला, तेव्हा गावाचं त्यात बुडण्यासारखं काही नव्हतं.

अपवाद फासेपारध्यांचा. तितर, ससा, हरीण फाशात धरून जगणारा हा समाज. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अनेक जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्यात पारधीही भरडले गेले. १९५२ मध्ये तो शिक्का कागदोपत्री पुसला गेला आणि वीस वर्षांत नव्या कायद्याने त्यांचं पोटापाण्याचं साधनच गुन्हा ठरवलं. रानातला माग त्यांच्याइतका कुणाला कळत नव्हता. त्या जाणकारीचा सरकारने उपयोग करून घ्यायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

आफ्रिकेतल्या नामिबियात नेमकं तेच झालं. १९८० च्या आसपास वायव्येकडच्या कुनेने भागात दुष्काळ आणि चोरटी शिकार यांनी हत्ती-गेंड्यांची दैना केली होती. तेव्हा वन्यजीव संवर्धक गार्थ ओवेन-स्मिथ यांनी गावमुखियांना हाताशी धरून स्थानिकांचेच राखणदार नेमले. रानाचा कानाकोपरा ठाऊक असलेली माणसं, आणि नेमणूक गावाची. गोऱ्या शेतमालकांना आपल्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांचे हक्क वसाहतकाळातच मिळाले होते. सामूहिक जमिनीवरच्या काळ्या शेतकऱ्यांना ते मिळायला १९९६ चा कायदा यावा लागला. १९९८ मध्ये पहिल्या चार कॉन्झर्व्हन्सी, म्हणजे आपल्या जमिनीवरच्या वन्यप्राण्यांचे हक्क असलेल्या गावकऱ्यांच्या संस्था, नोंदल्या गेल्या. आज त्या ८६ आहेत आणि देशाचा सुमारे पाचवा हिस्सा जमीन त्यांच्याकडे आहे. किती जनावरं मारायची याचा कोटा सरकार ठरवतं, कॉन्झर्व्हन्सी शिकार कंपनीशी करार करते, त्या पैशातून राखणदारांचे पगार निघतात आणि मांस घरोघर वाटलं जातं. तिथल्या गावाला रानातलं जनावर आपलं वाटतं त्याचं कारण कोटा-करारांच्या या किचकट हिशेबात आहे.

सगळीकडे असं जमलं नाही. झिंबाब्वेत १९८९ पासून वन्यप्राण्यांतून येणारा पैसा गावांना देण्याची कॅम्पफायर योजना आहे, पण तिथे हक्क जिल्हा परिषदांकडे राहिले आणि पैसा बऱ्याचदा तिथेच मुरला. केनियाने तर १९७७ मध्येच शिकार बंद केली. उलट पाकिस्तानात मारखोर या रानबकऱ्याच्या मोजक्या परवान्यांच्या रकमेतला ८० टक्के वाटा थेट गावांना जातो आणि मारखोर वाढले आहेत.

आता मराठवाडा. इथे ना हजारो हेक्टरची सलग सामूहिक जमीन, ना परदेशी शिकारी लाखो मोजेल असं जनावर. काळवीट १९७२ च्या कायद्याच्या पहिल्या, म्हणजे सर्वात कडक संरक्षणाच्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा विषयच नको. राहिले रोही आणि रानडुक्कर. पिकाची नासाडी करणारं जनावर मारण्याचा परवाना कलम ११ खाली मिळू शकतो आणि राज्य सरकारने २०१५ मध्ये या दोन प्राण्यांसाठी ती प्रक्रिया सोपी केली. पण गावात परवान्याची बंदूक हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्यांकडे. शिवाय कलम ३९ नुसार मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता. म्हणजे नुकसान शेतकऱ्याचं, कार्ट्रिजचा खर्च त्याचाच आणि मेलेलं रोही सरकारचं. असा अर्ज करण्यापेक्षा बहुतेक जण नुकसानभरपाईचा पंचनामा पदरात पडतो का ते बघतात, आणि रात्री माळ्यावर बॅटरी घेऊन जागतात.