कँडीची सजावट संध्याकाळपर्यंत चिकट का होते?

पार्टीच्या टेबलावर मधोमध काचेची बरणी, आत रंगीत गोळ्या, वर लॉलीपॉपचा गुच्छ. करायला सोप्पं आहे, पण सकाळी हौसेने रचलं आणि पाहुणे येईपर्यंत सगळ्याचा एक चिकट गोळा झाला असं बऱ्याच जणांचं होतं आणि मग शिव्या बसतात कँडीच्या कंपनीला. खरं तर दोष हवेतल्या ओलाव्याचा असतो.

कडक, पारदर्शक कँडी ही विज्ञानाच्या दृष्टीने चक्क काच आहे. साखरेचा पाक साधारण १५० अंश सेल्सिअसपर्यंत उकळला की बहुतेक पाणी उडून जातं, जेमतेम १-२ टक्के उरतं, आणि मग तो भराभर थंड झाला तर साखरेच्या रेणूंना नीट रांगा लावून स्फटिक बनवायला वेळच मिळत नाही, जिथे असतील तिथेच अस्ताव्यस्त अडकून बसतात, काचेतल्या कणांसारखे. पाकात ग्लुकोज सिरप घालतात ते पण याचसाठी, वेगळे रेणू मधे घुसले की रांग लागणं अवघड.

पण या काचेला पाण्याची भारी ओढ. कोरडी असताना ती ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते, थोडं पाणी शिरलं की हाच आकडा घसरत घसरत खोलीच्या तापमानापर्यंत येतो. म्हणजे कँडी गरम झालेली नसते, तरी वरचा थर पाघळतो! शिवाय त्या थरात रेणूंना हलायला जागा मिळते, मग ते आरामात स्फटिक बनवतात आणि चकाकी जाऊन कँडी पांढुरकी दिसते.

त्यामुळे रॅपर असलेली कँडी तशीच लावा आणि उघडी शेवटच्या तासाभरात. आणि प्लीज, तयार बरणी फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढल्यावर गार कँडीवर हवेतली वाफ जमते आणि सगळं मुसळ केरात. ताजी फुलं पाण्यासकट खेटून ठेवणं पण टाळा. चॉकलेटचं वेगळंच, त्यातलं कोको बटर ३४ अंशांच्या आसपास वितळतं, तेव्हा तापणारे दिवे लांबच बरे.

आता बरणी किती कँडी खाते ते बघू. गोल गोळ्या नुसत्या ओतल्या तर जास्तीत जास्त ६४ टक्के जागा भरते, बाकी हवा. २००४ मध्ये अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी एम अँड एम्स या चॉकलेटच्या चपट्या गोळ्या वापरून दाखवलं की त्या कशाही टाकल्या तरी ६८ टक्क्यांच्या वर जागा व्यापतात, कारण चपटी गोळी वळून फटीत बसू शकते. म्हणजे त्याच बरणीला चपट्या गोळ्या जास्त लागणार, खरेदीला जाताना लक्षात असू द्या. खर्च वाचवायचा तर मोठ्या बरणीत एक रिकामा ग्लास ठेवा आणि कँडी फक्त भोवतीच्या पोकळीत भरा, बाहेरून कुणाला कळत पण नाही.

रंगांचे थर लावणार असाल तर बारीक गोळ्या खाली आणि मोठ्या वर. उलटं केलं आणि बरणी गाडीतून न्यायची असली तर धक्क्यांनी बारीक गोळ्या फटींतून खाली सरकत जातात, मोठ्या वर येतात आणि पोचेपर्यंत थरांची खिचडी झालेली असते.