पंचवीसपैकी पंचवीसच्या वर काय असतं?

२०२५ च्या मार्चमधली गोष्ट. कोथरूडला आमच्या शेजारची दुसरीतली मुलगी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खाली काढून पानं उलटत बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, फेब्रुवारी आणि मार्च सारखेच आहेत. दोन्हीची एक तारीख शनिवारी!" शोधत पुढे गेली तर नोव्हेंबरही त्यांच्यातलाच निघाला. त्याच आठवड्यात तिचा गणिताचा पेपर घरी आला. २५ पैकी २१, आणि ‘पायऱ्या लिहीत नाही’ असा लाल शेरा. आईने मला काळजीने दाखवला तो पेपर. कालनिर्णयाचं तिने जाता जाता सांगितलं.

पेपर मुलाची कुवत कशी लपवतो, ते पाहू. समजा, वर्गाची सरासरी २१ आहे आणि प्रमाण विचलन, म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप, ३. मग २५ गुण सरासरीच्या वर ४ भागिले ३, सुमारे १.३३ विचलनं. मुलांची कुवत घंटेच्या आकाराच्या वक्रासारखी पसरलेली धरली, तर या रेषेच्या वर साधारण ९ टक्के मुलं येतात. पन्नासच्या वर्गात चार-पाच. गुण आणि बुद्ध्यंक एकच नव्हेत, पण तुलनेसाठी बुद्ध्यंकाची मोजपट्टी घेऊ: सरासरी १००, विचलन १५. आपली रेषा पडते १२० वर. म्हणजे १२० वाला, शंभरात दोघांचा असतो तो १३० वाला आणि हजारात एखादाच असतो तो १४५ वाला, तिघांनाही पंचवीसच. चार फुटी पट्टीने सहा फुटी माणूस मोजावा तसं हे. शिवाय छताला टेकलेल्या मुलांत फरक उरतो तो फक्त चुकांचा: हातचा विसरला, एकक लिहिलं नाही. पहिला नंबर मग नीटनेटकेपणाला जातो.

यावर उपाय म्हणजे पट्टीच लांब घेणे. १९७२ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले ज्यूलियन स्टॅन्ली यांनी सातवी-आठवीच्या मुलांना कॉलेजप्रवेशाची एसएटी परीक्षा द्यायला लावली. वर्गातल्या परीक्षेत एकसारखी दिसणारी मुलं तिथे दूरदूर विखुरली.

पहिली-दुसरीत अशी लांब पट्टी कोण लावणार? घरच्या प्रश्नांना छत नसतं, म्हणून मला पालक महत्त्वाचे वाटतात. ‘आमची फार हुशार आहे’ एवढं सांगून बाईंच्या हाती काही लागत नाही. मूल काय म्हणालं ते त्याच्याच शब्दांत, तारखेसह वहीत लिहा. कोणी न सांगता किती वेळ एकाच गोष्टीमागे लागलं, तेही लिहा. पालकसभेला ती वही घेऊन जा. पुण्याला हा विषय नवा नाही. बुद्धिमान मुलांच्या शिक्षणासाठी आप्पा पेंडसे यांनी ज्ञान प्रबोधिनी १९६२ सालीच सुरू केली.

आमच्या सोसायटीच्या फाटकावर मात्र परवा पत्रक चिकटवलं होतं: बोटांचे ठसे द्या, मुलाची जन्मजात प्रतिभा ओळखा. ठशांच्या रेषा आईच्या पोटातच पक्क्या होतात. त्यावरून मुलाची बुद्धी ओळखता येते याला कसलाही शास्त्रीय आधार नाही. हे हस्तसामुद्रिकच, फक्त स्कॅनर लावलेलं. त्यावर पैसे घालवू नका.

पण सगळं पालकांवर सोडूनही चालत नाही. फ्लोरिडातल्या एका मोठ्या शालेय जिल्ह्यात पालक-शिक्षकांच्या शिफारशीची वाट न पाहता दुसरीतल्या सगळ्याच मुलांची चाचणी घेतली, तेव्हा गरीब आणि कृष्णवर्णीय घरांतली कितीतरी मुलं नव्याने सापडली. निकष तेच होते. चार घरची धुणीभांडी करून परतणाऱ्या आईला वही लिहायला वेळ कुठला? तिच्या मुलासाठी शाळेनेच सगळ्यांना चाळणी लावायला हवी.

शेजारच्या वहीत आता एक नोंद आहे. पोरीने २०२४ चं जुनं कालनिर्णय मागितलं. लीप वर्षी फेब्रुवारीची मार्चशी जोडी तुटते, तर मग जुळते कोणाशी, हे तिला हवं होतं. अर्ध्या तासाने उत्तर आलं: ऑगस्ट.