जुन्या डच रेखाटनांचा कर्ता कसा ठरतो?

ॲमस्टरडॅमच्या वेशी आणि तटबंदी दाखवणारी तीन रेखाटने दीर्घकाळ थोरला पीटर ब्रॉयगेल या सोळाव्या शतकातील फ्लेमिश चित्रकाराच्या नावावर होती. त्यांवर त्याची सही होती आणि १५६२ हे सालही होते. तेवढ्या आधारावर तो त्या वर्षी ॲमस्टरडॅमला गेला असावा, असे अभ्यासक मानत. आता ही रेखाटने याकोब साव्हरी या चित्रकाराची मानली जातात, आणि १५६९ मध्ये ब्रॉयगेल वारला तेव्हा साव्हरी जेमतेम लहान मूल होता. सही आणि साल दोन्ही मागाहून रचलेली निघाल्यामुळे ब्रॉयगेलच्या त्या प्रवासाचा पुरावाच उरला नाही.

ब्रॉयगेलच्याच समजल्या जाणाऱ्या काही डोंगराळ निसर्गदृश्यांच्या बाबतीत हान्स मीलके या जर्मन अभ्यासकाच्या कामी कागद आला, कारण त्यावरील जलचिन्हे, म्हणजे कागद बनतानाच त्यात उमटलेली चिन्हे, ब्रॉयगेलच्या मृत्यूनंतरच्या काळातील होती. त्या काळी कागदाचा लगदा तारांच्या चाळणीवर उचलला जाई. बारीक तारांचे दाट ठसे आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या, साधारण दोन-तीन सेंटिमीटर अंतरावरच्या जाड तारांचे ठसे कागदात कायमचे राहत. चाळणीवर तारेनेच शिवलेले विदूषकाच्या टोपीचे किंवा शहराच्या मानचिन्हाचे चित्रही त्यात उमटे. वापराने ही तार वाकते, सरकते, तुटते. म्हणून दोन कागदांवरील चिन्ह आकारानेच नव्हे, तर तार वाकल्या-सरकल्याच्या खुणांसकट जुळले, तर ते एकाच चाळणीवरचे, म्हणजे बहुधा जवळपासच्या काळातले ठरतात. शाईखाली चिन्ह झाकले गेले असेल, तर बीटा किरणांनी छायाचित्र घेतात, कारण हे किरण कागदाच्या जाडीनुसार अडतात आणि शाईची रेघ त्यांना फारशी अडवत नाही.

मात्र कागद खात्रीने फक्त नकार देऊ शकतो. एरिक हेबॉर्न हा इंग्रज नक्कलकार जुन्या पुस्तकांतील कोरी पाने मिळवून त्यांवर चित्रे काढत असे. अशा पानाचा कागद खराच जुना असतो. शाईचेही तसेच आहे. अवरक्त प्रकाशात मायफळ व लोहक्षारापासून केलेली शाई जवळजवळ दिसेनाशी होते आणि काजळीची शाई काळीच राहते, त्यामुळे एकाच चित्रातील दोन वेगळ्या शायांची कामे सुटी करता येतात; पण दुसरा हात शंभर वर्षांनंतरचा की त्याच दुपारचा, हे एवढ्यावरून कळत नाही. पुष्कळ डच चित्रांवर नंतरच्या मालकांनी वा विक्रेत्यांनी ती अधिक पूर्ण दिसावीत म्हणून करडी छटा फिरवली आहे. भिंगाखाली पाहिल्यावर ‘रेखाटन’ ही छापील प्रत निघण्याचा धोकाही असतो: अठराव्या शतकात कॉर्नेलिस प्लोस फान आम्स्टेलने जुन्या रेखाटनांच्या इतक्या हुबेहूब छापील प्रती काढल्या की नवख्या माणसाने फसल्यास दोष देता येणार नाही.

म्हणून होकार शेवटी हाताच्या सवयींवर येतो. यान फान गोयेन (१५९६–१६५६) हा डच निसर्गचित्रकार काळ्या खडूच्या तुटक, भराभर फिरलेल्या रेषांनी झाडे आणि होड्या मांडतो आणि वर करडी छटा देतो. अनुकरण करणाऱ्याची रेषा बहुधा याच ठिकाणी सावकाश, काळजीपूर्वक आणि म्हणूनच निर्जीव होते. फान गोयेनच्या सुट्या झालेल्या वह्यांतील पाने कित्येक संग्रहांत विखुरली आहेत, त्यामुळे तुलनेला साहित्य भरपूर मिळते.

विक्रीच्या वेळी हा सारा निष्कर्ष लिलावाच्या सूचीतील एका शब्दावर येऊन थांबतो. नुसते चित्रकाराचे नाव छापले, तर चित्र त्याच्याच हातचे असे विक्रेत्याचे मत असते; ‘बहुधा त्याचे’, ‘त्याच्या कार्यशाळेतील’, ‘त्याच्या वर्तुळातील’, ‘त्याच्या शैलीत’ अशा पायऱ्यांनी खात्री कमी होत जाते आणि किंमतही झपाट्याने घसरते. माझ्या मते विकणाऱ्याने सहीपेक्षा आधी मागची बाजू पाहावी. तिथे जुन्या संग्राहकांचे शिक्के असू शकतात. फ्रिट्स लुग्ट या डच संग्राहकाने १९२१ मध्ये अशा शिक्क्यांचा कोश प्रसिद्ध केला, आणि पॅरिसची फोंदासियों कुस्तोदिया ही संस्था तो आता इंटरनेटवर विनामूल्य उपलब्ध करून देते.