गुडघेदुखीला ‘विश्रांती घ्या’ हा सल्ला आला कुठून?

ठाण्यात नौपाड्याच्या बाजूला लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारती अजून टिकून आहेत. तिथे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या काकू आणि आज्यांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "गुडघे गेलेत, जिना चढायचा नाही म्हणून सांगितलंय." मग आधी देवळात जाणं सुटतं, पाठोपाठ भाजी घरपोच येऊ लागते, आणि हळूहळू न्हाणीघरापर्यंत जायलाही भिंत धरावी लागते. हे पाहून जीव तुटतो. पण हा सल्ला कुणाच्या मनात सहज आलेला नाही. एके काळी वैद्यकशास्त्रच तो छातीठोकपणे देत होतं.

लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधले सर्जन जॉन हिल्टन यांनी १८६० ते १८६२ दरम्यान विश्रांती आणि वेदना या विषयावर व्याख्यानं दिली. दुखणाऱ्या भागाला स्वस्थता द्या, शरीर तो दुरुस्त करेल, हा त्यांचा आग्रह. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस त्यांच्याही पुढे गेले. सांध्याला विश्रांती सक्तीची, अखंड आणि दीर्घ हवी, असं ते सांगत. मांडीचं हाड मोडल्यावर पाय स्थिर ठेवायला आजही वापरतात तो आधार, थॉमस स्प्लिंट, त्यांचाच. त्यांच्यासमोरचे कितीतरी रुग्ण सांध्याच्या क्षयाचे होते. क्षयावर औषध नव्हतं, आणि सांधा महिनोन्‌महिने जखडून ठेवण्यापलीकडे करण्यासारखं फारसं काही नव्हतं. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला आणि क्षय औषधांनी बरा होऊ लागला. विश्रांतीचा सल्ला मात्र मागे राहिला, आणि वयानुसार दुखणाऱ्या गुडघ्यांनाही तोच लागू झाला.

आमवातात, म्हणजे ऱ्ह्युमॅटॉइड आर्थ्रायटिसमध्ये, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटते आणि ते सुजतात. त्याच्या रुग्णांना तर आठवडेच्या आठवडे रुग्णालयात झोपवून ठेवत. १९४८ मध्ये मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांच्या चमूने अशा रुग्णाला पहिल्यांदा कॉर्टिसोन हे सूज उतरवणारं औषध दिलं. १९५० मध्ये त्या कामाला नोबेल मिळालं आणि सगळ्यांचे डोळे औषधाकडे लागले.

हालचालीच्या बाजूचा मुद्दा सांध्याच्या रचनेतच होता. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत, म्हणजे गुळगुळीत, लवचीक आवरणात, रक्तवाहिन्या नसतात. सांध्यातला द्रव दाब पडल्यावर आणि सुटल्यावर कूर्चेत ये-जा करतो, त्यातूनच तिचं पोषण होतं. टोरांटोचे रॉबर्ट सॉल्टर यांनी १९७० च्या दशकात सशांवर प्रयोग केले. जखमी कूर्चा जखडून ठेवण्यापेक्षा सांधा सतत हलता ठेवला तर चांगली भरून येते, असं त्यांना दिसलं.

तरी घरोघरीची भीती उरतेच, चाललो तर गुडघे आणखी झिजतील. या भीतीला १९९७ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीने उत्तर दिलं. गुडघ्याच्या संधिवाताचे (आमवात नव्हे, वयानुसार होणारा झिजेचा संधिवात) साठीपुढचे ४३९ जण, तीन गट, दीड वर्ष. एक गट चालला, दुसऱ्याने वजनं घेऊन व्यायाम केला, तिसऱ्याला फक्त आरोग्याची माहिती दिली. व्यायाम करणाऱ्या दोन्ही गटांचं दुखणं थोडं कमी झालं, रोजची कामं सोपी झाली, आणि एक्स-रेमध्ये त्यांचे गुडघे तिसऱ्या गटापेक्षा जास्त बिघडलेले दिसले नाहीत. फायदा मध्यमच होता, तो फुगवून सांगू नये. पण शेवटचा निष्कर्ष मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

आपल्याकडे सुश्रुताने व्यायाम अर्ध्या शक्तीने करावा असं सांगितलंच होतं. तोंडाने श्वास घ्यावा लागला की अर्धी शक्ती संपली, ही त्याची खूण आजही उपयोगी आहे. आधुनिक फिजिओथेरपीचं शिक्षण मुंबईत आलं ते पोलिओच्या साथीनंतर, १९५० च्या दशकात, परळच्या केईएम रुग्णालयात. आता ठाण्यात किंवा वाशी-नेरुळला फिजिओथेरपिस्ट शोधायला फार लांब जावं लागत नाही. तरी बरेच जण तिथे पोहोचतात ते ऑपरेशन झाल्यावर. माझी खंत हीच आहे.

डेन्मार्कने २०१३ मध्ये संधिवाताच्या रुग्णांसाठी शिक्षण आणि व्यायामाचा कार्यक्रम सुरू केला. ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत व्यायाम हा मुख्य उपचार आहे, आणि सुरुवातीला दुखणं वाढू शकतं हेही रुग्णाला सांगा, असं म्हटलंय. सुरुवात अगदी साधी असते. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हाताचा आधार न घेता सावकाश उठायचं, त्याहून सावकाश बसायचं. जमत नसेल तर खाली एक उशी घ्यायची. मांडीच्या पुढचे स्नायू यात कामाला लागतात आणि जिना चढताना गुडघ्याचा भार तेच पेलतात. आठ-दहा वेळा जमू लागलं की संध्याकाळी तलावपाळीला अर्धी फेरी. व्यायामानंतरची ठणक दुसऱ्या दिवसापर्यंत ओसरली तर प्रमाण बरोबर, नाही ओसरली तर थोडं कमी करायचं.

सांधा लाल, गरम, सुजलेला असेल, सोबत ताप असेल किंवा सकाळचा ताठरपणा तासाहून जास्त टिकत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांकडे जावं. आमवाताची औषधं व्यायाम सुरू केला म्हणून बंद करायची नसतात, आणि सूज भडकलेल्या दिवसांत त्या सांध्याला थोडी विश्रांती देणं आजही योग्यच आहे.