डिसेन्स: रिसीव्हरचे कान बसलेत की ट्रान्समीटर कलकलाट करतोय?

रिपीटरला (एका फ्रिक्वेन्सीवर ऐकून तेच त्याच वेळी दुसरीवर पाठवणाऱ्या रेडिओ स्टेशनला) लांबची स्टेशनं ऐकू येईनाशी झाली की पहिला सल्ला ठरलेला: "इंटरमॉड असेल." दुसरा: "टोन लावून बघा." दोन्ही ऐकून माझे कान किटले आहेत. इंटरमॉडमध्ये (दोन सिग्नल मिसळून तिसराच तयार होतो तेव्हा) नको ते ऐकू येतं, डिसेन्समध्ये (स्वतःच्याच ट्रान्समीटरमुळे रिसीव्हर बहिरा होतो तेव्हा) हवं ते ऐकू येत नाही. एवढा फरक पुरे. आणि टोन, म्हणजे ठरावीक सूर असेल तरच रिपीटर उघडायची सोय, हा दारावरचा पडदा. खरखर बाहेर जात नाही, पण तिच्यात बुडालेलं स्टेशन काही वर येत नाही.

डिसेन्स ओळखायला उपकरण लागत नाही. लांबून कोणी हॅण्डीवर (हातातल्या छोट्या सेटवर) बोलतो, रिपीटर उघडतो, पहिलं अक्षर स्वच्छ येतं आणि मग नुसती खर्र. ट्रान्समीटर चालू झाला, रिसीव्हर बहिरा झाला. टेल (सिग्नल गेल्यावरही ट्रान्समीटर चालू राहतो ते काही क्षण) संपून ट्रान्समीटर बंद पडला की पुन्हा ऐकू येतं, पुन्हा उघडतो, पुन्हा खर्र. हे चक्र बोलणारा पीटीटी (बोलायचं बटण) सोडेपर्यंत चालतं.

इथवर सगळ्यांना कळतं. घोळ पुढे आहे, कारण हे एकच दुखणं दोन कारणांनी होतं आणि त्यांची औषधं वेगवेगळ्या बाजूंना लावायची असतात.

पहिलं कारण ओव्हरलोड. स्वतःच्याच ट्रान्समीटरचा कॅरिअर (मुख्य लहर) रिसीव्हरच्या पहिल्या टप्प्यात घुसतो आणि त्याला दाबून टाकतो. उपाय रिसीव्हरच्या वाटेवर. तिथल्या कॅव्हिटींचा (फ्रिक्वेन्सी निवडून सोडणाऱ्या-अडवणाऱ्या धातूच्या डब्यांचा) नॉच, म्हणजे अडवायची जागा, ट्रान्समिटच्या फ्रिक्वेन्सीवर बसवा, विषय संपला.

दुसरं कारण ट्रान्समीटरचा नॉइज, आणि इथे भलेभले फसतात. ट्रान्समीटर फक्त आपल्या फ्रिक्वेन्सीवर बोलतो, हा गोड गैरसमज आहे. त्याच्या दोन्ही अंगांना नॉइज पसरलेला असतो. लांब जावं तसा तो उतरतो, संपत नाही. रिपीटर १४५.६०० वर बोलतो आणि १४५.००० वर ऐकतो असं धरा. ५० वॅट म्हणजे +४७ डीबीएम (एक मिलीवॅटच्या तुलनेत मोजलेली पातळी). ६०० किलोहर्ट्झ अंतरावर, रिसीव्हरच्या बँडविड्थमध्ये मावणारा नॉइज कॅरिअरच्या ९० डीबी खाली आहे असं समजलं, तरी तो −४३ डीबीएम होतो. आणि रिसीव्हरला ऐकायचा असतो पाव मायक्रोव्होल्टचा सिग्नल, म्हणजे −११९ डीबीएम. फरक ७६ डीबी: वाटेत काही नसेल तर नॉइज सिग्नलच्या जवळपास चार कोटी पट.

मुख्य म्हणजे हा नॉइज १४५.६०० वर नाही, नेमका १४५.००० वर आहे. रिसीव्हरच्या वाटेवरच्या कॅव्हिटी १४५.००० आत सोडण्यासाठीच लावलेल्या असतात. त्या सिग्नलला सोडतात, नॉइजलाही सोडतात. दुधात पाणी मिसळल्यावर गाळणी काय करणार? हा नॉइज ट्रान्समीटरच्याच वाटेवर मारावा लागतो, अँटेनाच्या जोडापर्यंत पोचण्याआधी. म्हणून डुप्लेक्सरच्या (एकाच अँटेनावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर दोन्ही चालवणाऱ्या कॅव्हिटींच्या संचाच्या) ट्रान्समिट बाजूचा नॉच रिसीव्ह फ्रिक्वेन्सीवर असतो आणि रिसीव्ह बाजूचा ट्रान्समिट फ्रिक्वेन्सीवर. ही अदलाबदल वाचताना उलटी वाटते, आणि म्हणूनच माणसं ती ट्यून करतानाही उलटी करतात.

नॉइजचा त्रास असताना रिसीव्हरपुढे कॅव्हिटी वाढवत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. प्रीअॅम्प (रिसीव्हरआधी सिग्नल वाढवणारा अॅम्प्लिफायर) लावणारे तर धन्यच. नॉइज असेल तर तोही सिग्नलबरोबर तितकाच वाढतो, आणि ओव्हरलोड असेल तर आगीत तेल. डिसेन्स मोडल्याशिवाय प्रीअॅम्पला हात लावू नये, असं माझं ठाम मत आहे.

मग ओळखायचं कसं? आधी अँटेना काढून डुप्लेक्सरला डमी लोड (पॉवर हवेत न सोडता जिरवणारा भार) लावा. कपलरमधून (लाइनमध्ये अगदी थोडाच सिग्नल सोडणाऱ्या जोडणीतून) सिग्नल जनरेटरचा कमजोर सिग्नल सोडा (थेट जोडू नका, ५० वॅट आत शिरले की जनरेटर गेला), ट्रान्समीटर बंद ठेवून १२ डीबी सिनॅडची पातळी (खरखरीतून बोलणं जेमतेम समजेल एवढा सिग्नल) लिहून घ्या आणि मग ट्रान्समीटर चालू करा. पातळी जागची हलली नाही, तर डुप्लेक्सर निर्दोष आहे. दोष फीडलाइनमध्ये (अँटेनाकडे जाणाऱ्या केबलमध्ये) किंवा वर अँटेनात शोधा. एखादा गंजलेला जोड निघेल, किंवा अॅल्युमिनियम फॉइलवर तांब्याची जाळी असलेली ती केबल, जी डुप्लेक्स कामात (एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं) मी फुकटही घेणार नाही. पातळी बिघडली तर रिसीव्हरच्या वाटेत १४५.६०० चा एक जादा नॉच घाला. सुधारणा झाली तर ओव्हरलोड. ढिम्म फरक पडला नाही तर तो काढा आणि ट्रान्समीटरच्या वाटेत १४५.६०० वर ट्यून केलेली बँडपास कॅव्हिटी (तेवढीच फ्रिक्वेन्सी सोडून बाकी अडवणारी) घाला. आता सुधारलं तर नॉइज. पॉवर कमी करून निदान करणारेही असतात, पण पॉवर उतरली की दोन्ही त्रास कमी होऊ शकतात, मग कळलं काय?

हे शहाणपण मलाही उशिरा आलं. दोन रविवार मी रिसीव्ह बाजूच्या तिन्ही कॅव्हिटींचे रॉड केसभर वर, केसभर खाली करत घालवले. ट्रान्समीटर चालू केला की जनरेटर दर वेळी ११ डीबी वाढवावा लागायचा, ना एक कमी ना एक जास्त. तो आकडा हलत नव्हता, तेव्हाच उमजायला हवं होतं. तिसऱ्या रविवारी ट्रान्समीटरच्या वाटेत एक जुनी बँडपास कॅव्हिटी घातली. तिने थोडे वॅट खाल्ले, आणि जनरेटरला हात लावावा लागला नाही.