शोषक बँडपास फिल्टर

शोषक बँडपास फिल्टर : ठरावीक पट्ट्यातले मायक्रोवेव्ह संकेत पुढे सोडणारा आणि पट्ट्याबाहेरचे संकेत उगमाकडे न परतवता आतल्या रोधकांत जिरवणारा फिल्टर. यालाच परावर्तनरहित फिल्टर असेही म्हणतात.

नेहमीचा फिल्टर इंडक्टर आणि कपॅसिटर किंवा अनुनादक (ठरावीक वारंवारतेला जोराने प्रतिसाद देणारे घटक) यांचा बनतो. हे घटक आदर्श धरले तर ऊर्जा खात नाहीत. म्हणून जे पुढे जात नाही ते सगळे मागे फिरते. फिल्टर एकटा मोजला तर यात वावगे काहीच दिसत नाही, त्रास होतो तो शेजारच्या टप्प्यांना. मिक्सरमधून (दोन वारंवारता मिसळून नव्या काढणाऱ्या टप्प्यातून) निघालेल्या नको असलेल्या वारंवारता फिल्टरवर आपटून परत मिक्सरमध्ये शिरतात आणि पुन्हा मिसळतात. प्रवर्धकाला पट्ट्याबाहेर जवळजवळ शुद्ध प्रतिघाती, म्हणजे ऊर्जा न खाता परतवणारा, भार दिसतो, आणि त्याची स्थिरता काठावरची असेल तर तो दोलू लागतो. दूरसंचाराच्या रेडिओ साखळीतले बरेचसे ‘गूढ’ दोष या परतीच्या ऊर्जेचे असतात.

जुने उपाय तीन. फेराइटचा आयसोलेटर (संकेत एकाच दिशेने जाऊ देणारा घटक) परतीची लाट शोषतो, पण तो जड असतो आणि स्वतःच्या पट्ट्यापुरताच चालतो. ३ डेसिबलचा अटेन्युएटर (संकेत क्षीण करणारा घटक) परावर्तन ६ डेसिबलने कमी करतो, पण हव्या संकेताचीही निम्मी शक्ती खातो. ग्राहकाच्या (रिसीव्हरच्या) पहिल्या प्रवर्धकाआधी तो बसवणे म्हणजे गोंगाटात तेवढीच भर. ९० अंशांच्या दोन हायब्रिड कपलरांमध्ये (संकेत ९० अंशांच्या कलाफरकाने दोन समान भागांत वाटणाऱ्या घटकांमध्ये) दोन सारखे फिल्टर बसवण्याची युक्ती नेटकी आहे, मात्र तिची मर्यादा हायब्रिडच्या पट्टारुंदीइतकीच.

शोषक फिल्टरची सर्वात सरळ रचना पूरक शाखेची. प्रवेशद्वाराशी दोन शाखा समांतर जोडतात : मुख्य शाखा बँडपास, दुसरी बँडस्टॉप, आणि दुसरीच्या टोकाला रोधक. दोन्हींच्या प्रवेशितांची (प्रतिबाधेच्या व्यस्तांची) बेरीज प्रत्येक वारंवारतेला स्थिर राहिली पाहिजे, एवढीच अट. पहिल्या कोटीत, म्हणजे शाखेत एकच अनुनादक असताना, ती सहज साधते. मुख्य शाखेत एकसर अनुनादक आणि ५० ओहमचा भार. पूरक शाखेत समांतर अनुनादक आणि त्याच्याशी एकसर ५० ओहमचा रोधक. दोन अनुनादकांच्या प्रतिघातांच्या परिमाणांचा गुणाकार ५० च्या वर्गाइतका, म्हणजे २५०० ठेवला की द्वाराशी कायम नेमके ५० ओहम दिसतात. पट्ट्याच्या कडेला निम्मी शक्ती भाराकडे जाते, निम्मी रोधकात. परत काही येत नाही.

आकडे घालून पाहावे. मध्यवारंवारता २.४ गिगाहर्ट्झ आणि पट्टारुंदी २४० मेगाहर्ट्झ हवी असेल तर मुख्य शाखेत सुमारे ३३ नॅनोहेन्री व ०.१३ पिकोफॅरड, आणि पूरक शाखेत ०.३३ नॅनोहेन्री व १३ पिकोफॅरड लागतात. कागदावर हे सुरेख आहे. प्रत्यक्षात ०.१३ पिकोफॅरड म्हणजे सोल्डर-पॅडच्या भटक्या धारितेच्या जवळपासची गोष्ट! म्हणून या वारंवारतांना सुटे घटक सोडून मायक्रोस्ट्रिपच्या (सर्किट-बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीच्या) पावतरंग, म्हणजे पाव तरंगलांबीच्या, रेषांचे अनुनादक वापरतात. तिथे वेगळी किंमत मोजावी लागते : रेषा फक्त मध्यवारंवारतेलाच पावतरंग असते, त्यामुळे मध्यापासून दूर गेल्यावर पूरकता ढळते आणि शोषण मर्यादित पट्ट्यातच टिकते.

वरच्या कोटीसाठी मुख्य शाखा एका टोकाला भारित (फक्त एकाच टोकाला रोधक असलेल्या) नमुन्यावरून आखतात. बटरवर्थ प्रतिसादाला (पट्ट्यात सपाट असणाऱ्याला) त्याच कोटीची अचूक पूरक शाखा मिळते. चेबिशेव्हच्या (पट्ट्यात हलके चढउतार असणाऱ्याच्या) बाबतीत जोड अंदाजे जमतो आणि संगणकावर मूल्ये घासूनपुसून घ्यावी लागतात. शिवाय हा फिल्टर प्रवेशद्वारीच शोषक ठरतो. दोन्ही टोकांना शोषण हवे असेल तर निर्गमद्वारीही पूरक शाखा जोडावी लागते.

दोन्ही द्वारांचा प्रश्न वेगळ्या वाटेने सोडवला तो मॅथ्यू मॉर्गन यांनी. अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलशास्त्र वेधशाळेतल्या या कामावरचा त्यांचा व टॉड बॉइड यांचा लेख २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी समरूप द्विद्वार जाल (दोन द्वारांचे, मध्यापासून दोन्हीकडे सारखे मंडल) घेऊन त्याचे सम आणि विषम उत्तेजनाचे (दोन्ही द्वारांना सारखा आणि विरुद्ध चिन्हाचा संकेत दिल्यावरचे) अर्धे भाग परस्परांचे द्वैत, म्हणजे एकमेकांच्या उलट प्रतिबाधेचे, ठेवले. मग दोन अर्ध्यांचे परावर्तन समान पण विरुद्ध चिन्हाचे होते. द्वाराशी दिसणारे परावर्तन या दोहोंची सरासरी, म्हणजे शून्य, आणि पारगमन त्यांच्या फरकाचे अर्धे. मूळ रूपातल्या एका टप्प्यात रोधपट्ट्यातला कमीत कमी क्षय सुमारे १४.५ डेसिबलच मिळतो, पण टप्पे एकमेकांना बिघडवत नसल्याने ते ओळीने जोडता येतात. नेहमीच्या फिल्टरांत ही मोकळीक नसते.

मापनात फक्त पारगमनाचा आलेख पुरत नाही. एकूण शक्तीतून परतलेली आणि पार गेलेली वजा केली की उरते ती शोषलेली. परतीचा क्षय (परतलेली शक्ती किती कमी आहे याचे माप) १० डेसिबल असेल तर ९० टक्के ऊर्जा परत आलेली नसते, २० डेसिबलला ९९ टक्के. मात्र पट्ट्याच्या आतही काही ऊर्जा गहाळ होत असते, कारण अनुनादकांचा गुणांक (हानी किती कमी आहे ते सांगणारा आकडा) अमर्याद नसतो; ती हानी शोषणात धरून फिल्टरची वाखाणणी करू नये.

प्रेषकाच्या बाजूला रोधकाची शक्तिक्षमता निर्णायक ठरते. प्रवर्धकाची संनादी (मूळ वारंवारतेच्या पटींतली ऊर्जा) आता लहानशा चिप-रोधकात उष्णता होऊन उतरते, म्हणून तो कुठे बसवायचा आणि त्याची उष्णता कशी काढायची हे आराखड्याच्या सुरुवातीलाच ठरवावे लागते. वारंवारता वाढली की त्या रोधकाचे स्वतःचे प्रवर्तन व धारिताही हिशेबात घ्याव्या लागतात, नाहीतर शोषण नेमके वरच्या संनादींपाशी ढासळते.