मरणाचे भय आणि मरण्याचे भय

पुण्यातल्या ओंकारेश्वराचे दर्शन घेऊन बाहेर पडणारी वयस्क माणसे पायरीवर क्षणभर टेकतात आणि त्यांतली काही जण डोळे मिटून एक जुना श्लोक पुटपुटतात: 'अनायासेन मरणं विना दैन्येन जीवनम् । देहान्ते तव सान्निध्यं देहि मे परमेश्वर ॥' मरण विनासायास यावे, जगणे लाचारीचे नसावे आणि देह पडल्यावर तुझे सान्निध्य लाभावे, अशा या तीन मागण्या आहेत. ज्याने कोणी हा श्लोक रचला त्याने मरताना होणारे हाल आणि मरणानंतरचा प्रश्न या दोन गोष्टी नीट वेगळ्या ठेवल्या आहेत. आपण मात्र बोलताना त्या सर्रास एक करून टाकतो. 'देवाधर्माचे करणाऱ्याला मरणाची भीती नसते' असे एक जण म्हणतो, 'मरणाच्या भीतीपोटीच माणूस देवाच्या पायाशी जातो' असे दुसरा म्हणतो, आणि दोघेही नेमक्या कोणत्या भीतीबद्दल बोलत आहेत हे कोणी विचारत नाही.

मरणाचे भय म्हणजे आपण नसण्याचे भय. उद्या सकाळी दूधवाला येईल, गणपतीत लक्ष्मी रस्ता तसाच फुलेल, घरात आपल्या खुर्चीवर दुसरे कोणी बसेल आणि हे पाहायला आपण कुठेच नसू, या विचाराने छातीत जे काही होते ते हे भय. मरण्याचे भय त्याहून वेगळे आहे. त्यात वेदना असतात, कोंडलेला श्वास असतो, महिनोन् महिने अंथरुणाला खिळणे असते, मुलासुनेला करावी लागणारी उस्तवार असते आणि रुग्णालयाचे बिलही असते. मराठीत 'चालताबोलता न्यावे' किंवा 'हातपाय धड असताना सुटका व्हावी' असे जे म्हटले जाते, ते या दुसऱ्या भयातून आलेले आहे. दोहोंची पारख करण्याची एक साधी रीत आहे. रात्री झोपेत, काहीही न कळता मरण येणार आहे अशी कल्पना करावी. या कल्पनेने जीव हलका झाला तर भय मरण्याचे होते. तरीही पोटात खड्डा पडला तर ते मरणाचे आहे.

मानसशास्त्राने ही फोड बरीच उशिरा केली. कॉलेट आणि लेस्टर या दोन संशोधकांनी १९६९ मध्ये जी प्रश्नावली तयार केली तिच्यात स्वतःचे मरण, स्वतःचे मरणे, दुसऱ्याचे मरण आणि दुसऱ्याचे मरणे अशी चार निरनिराळी भये मोजण्याची सोय आहे. एका भयाचे प्रमाण कमी असलेल्या माणसात दुसरे भरपूर असू शकते, हे अशा मोजणीमागचे गृहीतक आहे, आणि ते मला आमच्याच घरात पाहायला मिळाले.

माझी आत्या नारायण पेठेत राहते. चाळीसेक वर्षे तिचे ज्ञानेश्वरीचे नित्य वाचन आहे. तिच्या देवघरात, बाळकृष्णाच्या मागे, तोंड झाळून बंद केलेला गंगेचा तांब्याचा गडू आहे. तो शेवटच्या क्षणी फोडायचा, हे घरातल्या लहान मुलांनाही ठाऊक आहे. त्या गडूकडे बोट दाखवून ती 'हे माझं तिकीट' असे इतक्या सहजपणे म्हणते, की ऐकणाऱ्यालाच कसनुसे व्हावे. मागच्या वर्षी तिच्या शेजारचे एक गृहस्थ अतिदक्षता विभागात बावीस दिवस नळ्या लावलेल्या अवस्थेत होते आणि तिथेच गेले. त्यानंतर आत्येची झोप उडाली. नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, की एवढे वाचन करून काय उपयोग झाला, शेवटी घाबरलीच ना! मी तिच्याजवळ बसलो तेव्हा ती म्हणाली, 'अरे, जायचं भय नाही मला. पण त्या नळीमुळे तोंडातून शब्द फुटला नाही तर मी नाम कशी घेऊ?' तिची श्रद्धा जराही ढळली नव्हती. उलट ती भीती त्या श्रद्धेमुळेच अधिक टोकदार झाली होती.

धर्मश्रद्धेचा अधिकार मुख्यतः पहिल्या भयावर चालतो. जुने वस्त्र टाकून नवे घ्यावे तसा आत्मा देह बदलतो ही शिकवण 'मी नसेन' या वाक्यातला 'मी' कोण, हाच प्रश्न उलटा विचारते. 'आपुले मरण पाहिले म्यां डोळां' असे तुकोबा म्हणतात तेव्हा मेलेला असतो तो अहंभाव, आणि एकदा तो गेला की उरलेल्या मरणात भिण्यासारखे फारसे राहत नाही. पण परंपरा या बाबतीत भाबडी नव्हती. पतंजलींनी योगसूत्रांत पाच क्लेश सांगितले आणि जीवनाला चिकटून राहण्याच्या वृत्तीला, म्हणजे अभिनिवेशाला, त्यांत स्थान देताना 'विदुषोऽपि' असे स्पष्ट लिहिले. हा क्लेश जाणत्यालाही सुटत नाही. अलीकडच्या आकडेवारीचा कौलही फार वेगळा नाही. धार्मिकता आणि मरणाची भीती यांच्यातील संबंध तपासणाऱ्या शंभर अभ्यासांचा, म्हणजे सुमारे २६,००० माणसांच्या उत्तरांचा, एक एकत्रित आढावा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून अधिक अभ्यासांत दोहोंचा काहीच संबंध आढळला नाही आणि १८ टक्के अभ्यासांत धार्मिक माणसेच अधिक भ्यालेली दिसली. यात नवल वाटण्याचे कारण नाही. मरणोत्तर जीवनावरील विश्वास जसा धीर देतो तसाच हिशेबाची धास्तीही देतो. तेराव्यापर्यंत गरुडपुराण ऐकताना यमयातनांच्या वर्णनाशी अंग चोरून बसलेली माणसे पुष्कळांनी पाहिली असतील, आणि माझ्या मते ते मरणाचेही भय नव्हे नि मरण्याचेही नव्हे, ते शिक्षेचे भय आहे.

अश्रद्ध माणसाचे काय, याचे पुण्यातले उदाहरण आगरकरांचे. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, म्हणजे आपले मरण डोळ्यांनी पाहण्याचा प्रसंग त्यांच्यावर तुकोबांहून फारच निराळ्या अर्थाने आला! परलोकाचा आधार त्यांनी घेतला नव्हता आणि दम्याने त्यांना वर्षानुवर्षे छळले होते. १८९५ मध्ये, वयाची चाळिशीही गाठण्यापूर्वी, ते गेले तेव्हा आपल्या दहनापुरते पैसे त्यांनी पुडीत बांधून ठेवलेले सापडले. या पुडीला नास्तिकाचे धैर्य म्हणण्याची प्रथा आहे. मला मात्र तिच्यात, आपल्यामागे कोणावर भार पडू नये अशी गृहस्थाची चिंता दिसते, म्हणजे श्लोकातली दुसरी मागणी.

दुसऱ्या भयावर श्रद्धेचा इलाज अपुरा पडतो. उशाशी कोणी हरिपाठ म्हणत असेल तर एकटेपणा कमी होतो यात शंका नाही, पण हाडात उतरलेल्या कर्करोगाची कळ त्याने थांबत नाही. त्यासाठी औषध लागते. डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांचे शुश्रूषागृह, सुरू केले तेव्हा, कळ उठण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने मॉर्फिन हे अफूपासूनचे वेदनाशामक द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती असूनही त्यांनी प्रार्थनेला औषधाची जागा दिली नाही, ही बाब मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्यातील कडक परवान्यांमुळे मॉर्फिन रुग्णांपर्यंत पोचणे अवघड झाले होते. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी केली. पुण्यात वारज्याला कर्करोगाच्या रुग्णांसाठी परिहार सेवा, म्हणजे त्रास हलका करणारी शुश्रूषा, देणारे सिप्लाचे केंद्र १९९७ पासून चालू आहे, तरीही 'तिथे नेले म्हणजे आशा सोडली' या समजुतीने घरचे लोक शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबतात आणि तोवर रुग्ण नको तेवढे सोसून बसलेला असतो.

नळ्यांच्या धास्तीवर कायद्याचेही उत्तर आहे. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे लिव्हिंग विलला, मान्यता दिली. बरे होण्याची आशा उरली नसेल तेव्हा कोणते उपचार नकोत हे माणसाने शुद्धीवर असताना त्यात लिहून ठेवायचे असते. सुरुवातीला त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे. जानेवारी २०२३ पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरते.

दोन्ही भये एकच समजली की उपायांची अदलाबदल होते. वेदनेने तळमळणाऱ्याला 'नाम घ्या' असे सांगितले जाते, आणि 'मी आता कुठे जाणार?' असे रात्री दोन वाजता विचारणाऱ्याला झोपेची गोळी दिली जाते. पहिला प्रकार मला जास्त निर्दय वाटतो, कारण त्यात सोसणाऱ्यावर श्रद्धा कमी पडल्याचा ठपकाही येतो. शिवाय पुष्कळदा भय स्वतःबद्दलचे नसतेच. आळंदीला ज्ञानदेवांनी शके १२१८ मध्ये, म्हणजे १२९६ साली, समाधी घेतली त्या प्रसंगावर नामदेवांचे जे अभंग आहेत त्यांत समाधीला बसणारा शांत आहे आणि शोक मागे राहिलेल्यांचा आहे.

आत्येने इच्छापत्र केले. माझा चुलतभाऊ आणि शेजारच्या काकू साक्षीदार झाल्या, आणि नोटरीच्या कचेरीत तिने चष्मा बदलून प्रत्येक पान वाचल्यावरच सही केली. घरी आल्यावर ती फाइल कपाटात ठेवू का, असे मी विचारले. ती म्हणाली, 'कपाटात नको, देवघराच्या खालच्या खणात ठेव. आणि तो गडूही बाळकृष्णाच्या मागून काढून तिथेच ठेव, ऐन वेळी तुम्हाला शोधायला नको.'